चौकट ओळखीची, पेच आपला : बालजादूगाराची साहसपटकथा लिहिण्याची कृती

पोरसवदा जादूगाराची साहसकथा लिहायला घेतली की पहिल्या दहा पानांतच घोडं अडतं. जादूची शाळा घातली तर लोक म्हणतात, हा हॅरी पॉटर. बाटलीतला माणूस घातला तर 'धडाकेबाज', बाहुली घातली तर 'झपाटलेला'. आणि हे सगळं टाळून काही अगदीच वेगळं लिहिलं, तर निर्माता विचारतो, "पोरांना हे कळणार कसं?"

ओळखीचं असणं हा मुळात दोष नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला धनुष्य कोण मोडणार हे माहीत होतं. तरी लोक जागचे हलले नाहीत. काय होणार हे ठाऊक होतं, ते डोळ्यांसमोर कसं उभं राहणार हे ठाऊक नव्हतं. खाली दिलेली कृती याच भरवशावर आहे. गोष्टीची चौकट ओळखीची ठेवायची आणि नवेपणा दोनच ठिकाणी आणायचा : जादूच्या नियमात आणि नायकाच्या पेचात. उदाहरणासाठी सातारा-सांगली हा भाग घेतला आहे. आपला भाग वेगळा असेल तर नावं बदलतील, पायऱ्या त्याच राहतील.

काय लागेल

- एक वही आणि दोन रंगांची पेनं.
- पुन्हा पाहायला तीन-चार चित्रपट : 'धडाकेबाज' (१९९०), 'झपाटलेला' (१९९३), हॅरी पॉटरचा पहिला भाग (२००१) आणि मिळाला तर प्रभातचा 'माया मच्छिंद्र' (१९३२).
- हरिपूरला एक फेरी, लिंब गावाला एक फेरी.
- हळदीची पूड, खायचा चुना, एक लिंबू, पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा.
- शेवटच्या पायरीसाठी सहावी-सातवीतली पाच-सहा पोरं.

पायरी १ : प्रेक्षक काय धरून बसलाय त्याची यादी करा

'छोटा जादूगार' एवढंच ऐकल्यावर प्रेक्षकाच्या मनात जे जे येतं ते एका पानावर उतरवा. साधारण दहा गोष्टी निघतात : पोरकं मूल, अचानक कळलेली शक्ती, म्हातारा गुरू, विद्या शिकण्याची जागा, दोन जिवलग मित्र, जिथे जायचं नाही अशी जागा, जादूची वस्तू, विश्वासघात, गुरूचा मृत्यू, शेवटचा सामना.

आता प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा : 'ठेवा', 'वळवा' किंवा 'काढा'. तीन-चार गोष्टी जशाच्या तशा ठेवाव्या, तीन-चार वळवाव्या, बाकीच्या काढून टाकाव्या. सगळ्याच वळवल्या तर पोरांना धरायला काही उरत नाही. सगळ्याच ठेवल्या तर दहाव्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतात.

आपल्या नमुन्याची नायिका यमी, वय बारा, राहणार हरिपूर. आईबाप आहेत, म्हणजे 'पोरकं मूल' काढलं. दोन मित्र ठेवले, जायची बंदी असलेली जागा ठेवली, शेवटचा सामना ठेवला. गुरू, विद्येची जागा आणि जादूची वस्तू वळवायची आहे.

पायरी २ : उसनं कोणतं आणि घरचं कोणतं, ते वेगळं करा

यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून आली ते दुसऱ्या रंगाने लिहा. जादूगारांची शाळा काही पॉटरपासून सुरू झाली नाही. अर्सुला ल ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त ती १९६८ सालीच होती. म्हणजे शाळा ही कुणा एकाची मिरास नाही. पण मराठी प्रेक्षकाला ती पॉटरचीच आठवण देणार, तेव्हा आपल्या मातीत तसं काय आहे ते आधी पाहावं.

गुरुशिष्याची जादूची गोष्ट आपल्याकडे घरोघरी वाचली जाते. 'नवनाथ भक्तिसारा'चे चाळीस अध्याय श्रावणात किती घरांत लागतात! त्यातल्या गोरखनाथाची कथा घ्या. गुरू मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमलाय, आणि शिष्य वेष पालटून, मृदंगाच्या बोलांतून गुरूला साद घालत त्याला परत आणतो. पाश्चात्त्य साच्यात गुरू मरतो आणि शिष्य एकटा पडतो. इथे गुरू जिवंत आहे, पण वाट चुकलाय, आणि पोरगं त्याला शोधायला निघतं. हा सांगाडा मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे. बालजादूगाराच्या पडद्यावरच्या गोष्टीत मात्र तो फारसा दिसत नाही. प्रभातने कोल्हापुरात याच कथेवर 'माया मच्छिंद्र' काढला तो यातल्या चमत्कारांसाठी. आपण त्यातलं नातं उचलायचं.

विद्येच्या जागेचंही तसंच. सांगली जिल्हा म्हणजे सर्कशीचं माहेर. भारतीय सर्कसचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे. म्हैसाळच्या देवलांची सर्कसही नावाजलेली. तेव्हा यमीचा आज्जा सर्कशीतला जादूगार करा. यमीला मात्र तंबूत उतरवता येणार नाही, कारण सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. ही अडचण समजू नका, फायदा समजा. तंबू उठला, प्राणी गेले, उरली आज्ज्याची एक पत्र्याची पेटी. यमीची शाळा ती पेटी.

पायरी ३ : जादूचा नियम जागेतून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बहुतेक पटकथा इथेच फसतात. लेखक छडीच्या जागी काठी आणतो, किल्ल्याच्या जागी वाडा, आणि झालं म्हणतो. वस्तूंची अदलाबदल प्रेक्षकाला पाच मिनिटांत ओळखू येते. जादू कशाने चालते, कुठे चालत नाही आणि चालवल्यावर काय गमावतं, हे तीन नियम त्या गावाचे असले तर मात्र तीच गोष्ट दुसऱ्या गावात नेता येत नाही.

हरिपूरला जा. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट प्रशस्त. हळद भरून तोंड मातीने लिंपलं की माल वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायचा. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. आता बहुतेक हळद गोदामात आणि शीतगृहात जाते. पण जुन्या माणसांना विचारा, ती सांगतील : पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं. आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. पटकथेला तयार नियम मिळाला : जिथे ज्योत विझते तिथे यमीची जादू चालत नाही. हा नियम पोराला एका दृश्यात समजतो आणि वर तो खराही आहे.

आता हळद आणि चुना काढा. ओल्या कापडाला हळद लावा, वरून चुन्याची निवळी शिंपडा. (चुना डोळ्यांपासून जपा.) पिवळं कापड पाहता पाहता तांबडं-लाल होतं. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळं. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो आणि आम्लात मूळपदावर येतो, एवढंच त्यातलं शास्त्र. हे आपल्या हाताने करून पाहिल्याशिवाय पुढे लिहू नका, कारण लाल डाग कडेने कसा पसरत जातो ते पाहिलेल्या माणसाचं दृश्य वेगळं उतरतं.

ही एकच करामत पटकथेत तीनदा वापरा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असं धरलं तर एकशे दहा पानांच्या पटकथेत ती बाराव्या, पंचावन्नाव्या आणि पंच्याण्णवाव्या पानाच्या आसपास यावी.

- पहिल्यांदा गंमत : आज्जा पिवळा रुमाल लाल करतो, पोरं टाळ्या पिटतात.
- दुसऱ्यांदा दहशत : एक बुवा तीच करामत करून म्हणतो, "देवीचा कोप झालाय, गावात कुणीतरी करणी केलीय."
- तिसऱ्यांदा उलगडा : यमी सगळ्यांसमोर लिंबू पिळते.

तिन्ही वेळा प्रेक्षकाला वस्तू ओळखीची, अर्थ नवा.

पायरी ४ : नायकाला खरा पेच द्या

नियम बसला की विचारा, ही जादू करायला किंवा मोडायला यमीला काय द्यावं लागेल? रक्ताचा थेंब, आयुष्यातलं एक वर्ष, एखादी आठवण, हे सगळं वापरून झिजलंय. आपल्या भागाचा पेच त्याहून तिखट आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्तीही सांगतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. या भागात जादूची गोष्ट लिहिणाऱ्याला हे बाजूला ठेवून चालणार नाही, आणि ठेवायची गरजही नाही, कारण नाट्य नेमकं इथेच आहे.

रंगमंचावरच्या जादूगाराचा धर्म सांगतो : गुपित फोडायचं नाही. कार्यकर्ता सांगतो : फोडलंच पाहिजे. यमी या दोहोंच्या मध्ये. गुपित फोडलं नाही तर करणी केल्याचा आळ घेऊन गाव एका विधवा बाईला वाळीत टाकणार. फोडलं तर आज्ज्याला दिलेला शब्द मोडणार, त्याची पोटापाण्याची शेवटची कला जाणार, आणि ही करामत बुवाला कुणी शिकवली तेही बाहेर येणार. शिकवणारा आज्जाच आहे. म्हणजे गोरखनाथाची गोष्ट इथे परत आली : वाट चुकलेल्या गुरूला शिष्य परत आणतो. फक्त स्त्रीराज्याच्या जागी बुवाचा मठ आणि महिन्याला मिळणारं पाकीट.

पेच पक्का झाला की नाही ते असं तपासा : नायिका दोन्हींपैकी काहीही निवडो, तिचं काहीतरी जातंय का? जात नसेल तर पुन्हा वही उघडा.

पायरी ५ : खलनायकाला हसवा, पण पोकळ करू नका

'धडाकेबाज'मधला कवट्या महाकाळ नुसत्या नावानेच लक्षात राहतो, कारण सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळची पाटी एसटीवर सगळ्यांनी वाचलेली असते. 'झपाटलेला'तला बाहुलीत शिरलेला आत्मा १९८८ च्या अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले'तून ओळखीचा, पण त्यातला नायक बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा साधाभोळा गडी आणि बाहुला रामदास पाध्यांच्या हातचा. साचा परका, माणूस घरचा. आपला बुवाही असाच हवा : मोबाइलवर तारखा देणारा, पावती पुस्तक ठेवणारा, बोलायला गोड.

दोन पथ्यं पाळा. बुवाचं गाव काल्पनिक ठेवा. खऱ्या गावावर, खऱ्या देवस्थानावर फसवणुकीचा शिक्का बसवू नका. आणि श्रद्धाळू माणसांना मूर्ख दाखवू नका. ती घाबरलेली आहेत म्हणून बुवाकडे जातात, एवढं दिसलं की खलनायक आपोआप मोठा होतो.

पायरी ६ : जागा निवडताना एक पाहिलेली, एक न पाहिलेली

वाई-मेणवलीचा घाट सुंदर आहे, पण 'स्वदेस' (२००४) पासून किती चित्रपटांत तो येऊन गेला! तो एका दृश्यापुरता घ्या, ओळख देण्यासाठी. मुख्य धावपळ दुसरीकडे न्या.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर पाहा. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. अष्टकोनी विहीर, पायऱ्या उतरून गेलं की आत महालासारखी जागा. नाव बारा मोटांचं, पण पंधरा मोटांची सोय असल्याचं सांगतात. बारा वर्षांची पोर पहिला प्रश्न काय विचारेल? "उरलेल्या तीन मोटा कुणाच्या?" पटकथेचं कोडं म्हणून एवढा प्रश्न पुरेसा आहे.

शेवटच्या सामन्याला टिकटिक हवीच. घड्याळ दाखवायची गरज नाही. सांगलीकरांचं घड्याळ म्हणजे आयर्विन पुलाखालची पाणीपातळी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. लाऊडस्पीकरवरून आकडा वाढत गेला की सांगलीतल्या प्रेक्षकाला बाकी काही सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्यालाही दोन आकड्यांत समजतं. आज्ज्याची पेटी पेवात, आणि पाणी चढतंय. मात्र २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. लोक ते विसरलेले नाहीत. बोटीचा प्रसंग थरारासाठी वापरू नका.

शिराळ्याच्या नागांचा मोहही आवरा. जिवंत साप हाताळणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि चित्रपटात कोणताही प्राणी वापरायचा तर आधी परवानगी लागते. साप हवाच असेल तर मातीचा दाखवा.

पायरी ७ : एक दृश्य पूर्ण लिहून चव पाहा

आराखडा कितीही चांगला असला तरी तो बोलतो कसा ते दृश्य लिहिल्याशिवाय कळत नाही. बोली त्या भागाचीच ठेवा, पण ठसका दाखवण्यासाठी प्रत्येक शब्द वाकडा करू नका.

*दृश्य १४. बाह्य. हरिपूर, पेवाचं तोंड. दुपार.*

*यमी ओणवी होऊन दोरीने कंदील खाली सोडतेय. बंड्या शेजारी. ज्योत लहान होते. विझते.*

बंड्या : इझला गं.

यमी : मग न्हाय उतरायचं.

बंड्या : तुझा आज्जा उतरला की काल. आतनं हाक मारली त्येनं. म्या ऐकली.

*यमी दोरी वर ओढते. मध्येच थांबते.*

यमी : आज्जा काल ह्या दगडावर बसला व्हता. माझ्या म्होरं.

बंड्या : मग आतनं कोण बोललं?

*यमी बंड्याकडे बघते. ओठ न हलवता :*

यमीचा आवाज (पेवातून आल्यासारखा) : बंड्याऽऽ...

*बंड्या पळत सुटतो. यमी हसते. मग हसू थांबतं. तिला काहीतरी कळलंय.*

दृश्य लिहून झालं की दोन रंगांनी अधोरेखित करा. एका रंगात जे प्रेक्षकाने आधी पाहिलंय : अंधारी जागा, दोरी, घाबरट मित्र. दुसऱ्या रंगात जे याच गोष्टीत घडू शकतं : कंदिलाचा नियम, आज्ज्याची आवाजाची कला, आणि त्या कलेचा कुणीतरी गैरवापर करतंय हा संशय. दोन्ही रंग दिसले तर दृश्य जमलं. पहिलाच रंग भरला असेल तर नियम पुरेसा वापरलेला नाही. दुसराच भरला असेल तर प्रेक्षकाला पाय टेकवायला जागा द्या.

पायरी ८ : कायद्याच्या चाळणीतून काढा

कल्पनेवर कुणाची मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. 'हम हिंदुस्थानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या साम्यावरून तो वाद होता. न्यायालयाची कसोटी साधी होती : दोन्ही पाहणाऱ्या सामान्य माणसाला दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटतं का? २००८ मध्ये 'हरी पुत्तर' या हिंदी चित्रपटाच्या नावावरून वॉर्नर ब्रदर्स दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि हरले. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नावं, ठरावीक मंत्र, खेळ, गणवेश, कपाळावरची खूण, असं काही उचललेलं असेल तर आत्ताच काढा. मग पटकथेची नोंद स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे करून घ्या आणि त्यानंतरच कुणाला वाचायला द्या.

बिघडलं तर

*"हे पॉटरसारखं वाटतं" असं दोघांनी म्हटलं तर* : साम्य बहुतेक वेळा वस्तूंत नसतं, दृश्यांच्या क्रमात असतं. शक्ती कळणं, गुरू भेटणं, शाळेत जाणं हा क्रम मोडा. आपल्या गोष्टीत यमीला करामत आधीपासून येते. तिच्यामागचं दुखणं नंतर कळतं.

*"जादू कुठाय?" असं विचारलं तर* : उलगडा फार लवकर होतोय. दुसऱ्या वापरापर्यंत प्रेक्षकालाही युक्ती कळू देऊ नका. आणि एक गोष्ट शेवटपर्यंत उलगडू नका. लिंबच्या विहिरीतल्या त्या तीन मोटा तशाच राहू द्या.

*"भाषण वाटतं" असं म्हटलं तर* : यमीच्या तोंडचं अंधश्रद्धेवरचं प्रत्येक वाक्य कापा. लिंबू पिळणं पुरेसं आहे.

*शेवट पडतो असं म्हटलं तर* : आज्जा कुठे आहे ते पाहा. सामना यमी आणि बुवा यांच्यात असला तरी निर्णय आज्ज्याने घ्यायचाय. लिंबू यमीच्या हातात असेल, पण "पिळ" हे त्याने म्हणायला हवं.

पायरी ९ : पोरांपुढे वाचा

शेवटची परीक्षा निर्मात्याची नाही. सहावी-सातवीतल्या पोरांना गोळा करा आणि पटकथा नुसती मोठ्याने वाचा, अभिनय करू नका. वाचताना समासात दोन खुणा करत जा. पोरं पुढचं आधीच बोलली तिथे फुली, "आता?" असं विचारलं तिथे टिंब. सलग तीन फुल्या आल्या तर तिथे ओळख जास्त झाली, एखादी गोष्ट वळवा. दहा पानं ना फुली ना टिंब, तर तिथे पोरांना काही धरताच आलं नाही, ओळखीचं काहीतरी परत आणा. फुली-फुली-टिंब असा क्रम लागला की समजा माप बसलं : पोर दोन पावलं पुढे धावलं आणि तिसऱ्याला अडलं. मग वाचून झाल्यावर हळद, चुना आणि लिंबू त्यांच्या हाती द्या आणि कोणता प्रसंग ती आधी करून पाहतात ते बघा. तो प्रसंग पुढच्या खर्ड्यात कापू नका, निर्मात्याने सांगितलं तरी.